वजन उतरवताना आहार किती आणि व्यायाम किती?

रानमेवा

आहारसल्ल्याच्या कामात मला सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न असा की, वजन कमी करायचे तर खाण्यावर ताबा महत्त्वाचा की व्यायाम महत्त्वाचा. विचारणाऱ्याला बहुधा दोहोंपैकी एकच गोष्ट आधी हाती घ्यायची असते आणि त्यात गैर काही नाही, कारण नोकरी, घर आणि प्रवास सांभाळून दोन्ही एकदम सुरू करण्याइतका वेळ फार थोड्यांकडे असतो. माझे मत असे की या दोन गोष्टींची कामे वेगवेगळी आहेत आणि एकीचे काम दुसरीकडून करून घेण्याच्या प्रयत्नात माणसे थकतात. वजन उतरवण्याचे बहुतेक काम आहार करतो. उतरलेल्या वजनात चरबी किती आणि स्नायू किती, तसेच उतरलेले वजन पुन्हा चढते की नाही, हे मात्र मोठ्या प्रमाणात व्यायामावर ठरते.

साधा हिशेब मांडून पाहू. ७० किलो वजनाची व्यक्ती ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर झपाझप चालली, तर साधारण २०० कॅलरी खर्च होतात. एका वडापावात आकारानुसार २५० ते ३०० कॅलरी असतात. शरीरातील एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात, म्हणजे केवळ चालण्याच्या बळावर एक किलो चरबी घटवायला महिन्याहून अधिक काळ रोज चालावे लागेल, आणि तेही त्या काळात भूक वाढून खाणे वाढले नाही तर. याउलट स्वयंपाकातले दोन मोठे चमचे तेल आणि संध्याकाळची ५० ग्रॅम शेव वगळली, तर दिवसाला ५०० कॅलरींच्या आसपास फरक पडतो आणि त्यासाठी एक मिनिटही वेगळे काढावे लागत नाही.

मग व्यायाम कशासाठी, असे कोणी विचारील. नुसते खाणे कमी करून वजन घटवले, तर घटलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबीखेरीज इतर ऊतींचा असतो. त्यात स्नायूही असतात. आपल्या लोकांच्या बाबतीत हे अधिक गंभीर आहे, कारण मुळातच आपल्याकडे स्नायू कमी आणि चरबी जास्त असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मोजमापे छायाचित्रासह प्रसिद्ध केली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, अगदी सारखा, २२.३ इतका होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे स्थूलता मानली जाते, तर कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगितले जाते. ज्याच्याकडे स्नायू आधीच थोडे आहेत, त्याने उपाशी राहून तेही गमावले, तर काट्यावरचा आकडा खाली येतो, पण पोट तसेच राहते, जिना चढताना दम लागतो आणि पुन्हा पूर्वीसारखे खाल्ले की वजन झपाट्याने परत येते.

आपापले अनुभव आणि शंका अवश्य लिहा.

लोकलवारी

मी बदलापूरला राहतो आणि माझे कार्यालय फोर्टमध्ये आहे. पहाटे घर सोडतो आणि परत येईपर्यंत रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. डबा घरचाच असतो, पण संध्याकाळी गाडी पकडण्यापूर्वी स्थानकाबाहेर काहीतरी पोटात जातेच, कारण दुपारच्या डब्यानंतर रात्रीच्या जेवणापर्यंत आठ तासांचे अंतर पडते. डॉक्टरांनी साखर काठावर असल्याचे सांगून वजन कमी करायला सांगितले आहे. आमच्या कार्यालयात बरेच जण डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या पद्धतीने दिवसातून दोनच वेळा जेवतात आणि त्यांपैकी काहींचे वजन डोळ्यांना दिसेल इतके कमी झाले आहे. दुसरीकडे माझ्या बहिणीच्या आहारतज्ज्ञाने तिला दर दोन तासांनी थोडे थोडे खायला सांगितले आहे. दोघांपैकी बरोबर कोण? आणि माझ्यासारख्याने व्यायामासाठी पहाटे चारला उठावे का?

रानमेवा

डॉ. दीक्षितांच्या पद्धतीत दोन जेवणे प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत संपवायची, मधल्या वेळेत खायचे नाही आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे, असा ढाचा आहे. ती ज्यांना लागू पडते त्यांच्या बाबतीत मला दिसणारे कारण सरळ आहे. मधल्या वेळेचे फरसाण, बिस्किटे आणि साखरेचा चहा एका फटक्यात बंद होतो. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, असा हिशेब धरला तरी १६० कॅलरी केवळ साखरेतून जातात, दूध वेगळेच. उपवासाच्या वेळा पाळून खाणे आणि रोजचे खाणे मोजून कमी करणे यांची तुलना करणाऱ्या चाचण्यांत वजनातली घट साधारणपणे सारखीच आढळली आहे. तेव्हा वेळा दोन असाव्यात की पाच, हा प्रश्न मी दुय्यम मानते; एकूण खाणे कमी होते का, प्रथिने पुरतात का आणि तुमच्या दिनक्रमात ते वर्षभर निभेल का, हे पाहून मी सल्ला देते. दोनच जेवणांत दिवसभराची प्रथिने बसवणे शाकाहारी माणसाला कठीण जाते, एवढी त्या पद्धतीची अडचण मात्र लक्षात ठेवा.

तुमच्या बाबतीत खरी अडचण संध्याकाळच्या त्या आठ तासांत आहे. साडेपाचच्या सुमारास कार्यालयातच मूठभर भाजलेले चणे आणि एखादे फळ किंवा उकडलेली दोन अंडी खाऊन निघालात, तर स्थानकाबाहेरचा मोह आपोआप सैल पडतो आणि रात्री घरी पोहोचल्यावर ताटावर तुटून पडणेही थांबते. हा माझ्याकडे येणाऱ्या प्रवासी मंडळींचा वारंवार आलेला अनुभव आहे.

पहाटे चारला उठण्याविषयी ‘तालीम’ यांनी लिहावे, त्यांचा तो विषय आहे.

तालीम

मी फिजिओथेरपिस्ट आहे. झोप कापून व्यायाम करू नका, हे मी अगदी ठामपणे सांगेन. शिकागो विद्यापीठात २०१० साली प्रसिद्ध झालेला एक छोटा पण काटेकोर अभ्यास आहे. जादा वजनाच्या १० जणांना दोन आठवडे सारखाच कमी कॅलरींचा आहार दिला गेला. एका टप्प्यात त्यांना रात्री साडेआठ तास अंथरुणात राहू दिले आणि दुसऱ्या टप्प्यात साडेपाच तास. वजन दोन्ही वेळा जवळपास सारखेच घटले, पण झोप कमी असताना चरबीची घट १.४ किलोवरून ०.६ किलोवर आली आणि उरलेली घट स्नायूंसह इतर ऊतींतून झाली. शिवाय भूकही वाढली. जो माणूस आधीच सहा तास झोपतो, त्याने चारला उठून धावायला जाणे म्हणजे ज्यासाठी व्यायाम करायचा तेच गमावणे होय.

तुमच्यासाठी वाट वेगळी आहे. स्थानकापर्यंत रिक्षाऐवजी चालत जा, उतरल्यावर कार्यालयापर्यंत चाला. फलाटावरचा पूल चढताना सरकत्या जिन्याकडे वळू नका. यातून रोज तासाभराची हालचाल सहज निघते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाच्या हालचालीची आहे आणि ती तुकड्यातुकड्यांनी पूर्ण केली तरी चालते. त्याच शिफारशीतला दुसरा अर्धा भाग बहुतेक लोक वाचतच नाहीत, तो असा की आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम हवा.

त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्याकडे वजन कमी करणे म्हणजे चालणे असे समीकरण घट्ट बसले आहे. चालणे हृदयाला, साखरेला, मनाला उत्तम आहे, पण कमी खात असताना स्नायू राखायला ते अपुरे पडते. स्नायूवर नेहमीपेक्षा जास्त भार आला, तरच शरीर तो राखून ठेवते. त्यासाठी व्यायामशाळाच हवी असे नाही. घरातल्या पक्क्या खुर्चीवर बसा, हात छातीवर आडवे घ्या, पावले खांद्यांइतकी दूर ठेवा आणि हातांचा आधार न घेता उठा, मग तीन आकडे मोजत सावकाश खाली बसा. अशी १० आवर्तने, थोडा विसावा, पुन्हा १०. खुर्ची सोपी वाटू लागली की पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून तेच करा, आणि गुडघे चांगले असतील तर पुढे बैठकांवर या. जोरांचेही तसेच आहे: प्रथम भिंतीला हात टेकून, मग स्वयंपाकाच्या ओट्याला, मग पलंगाच्या कडेला आणि शेवटी जमिनीवर. ओळखायची खूण एकच, प्रत्येक फेरीतली शेवटची दोन आवर्तने जड गेली पाहिजेत. महिनाभर तेच व्यायाम तितक्याच सहजतेने होत असतील, तर भार वाढवण्याची वेळ आली असे समजावे. रविवारी आणि मधल्या एका दिवशी प्रत्येकी २५ ते ३० मिनिटे दिली तरी सुरुवातीला पुरे.

सूर्यनमस्कार चांगलेच आहेत, पण त्यांत ओढण्याचा व्यायाम नाही, त्यामुळे पाठीचे वरचे स्नायू राहून जातात. दोन्ही हातांत पाण्याने भरलेले कॅन घेऊन कमरेतून पुढे वाकून कोपरे मागे ओढण्याचा व्यायाम जोडला की ती उणीव भरून निघते. कंबरदुखी असलेल्यांनी हा व्यायाम आधी कोणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्यावा.

ओटाआणिपाटा

स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या बाजूने काही लिहावेसे वाटते, कारण घरातल्या सर्वांचे वजन शेवटी एका ओट्यावर ठरते आणि तिथे उभे राहणारीचा विचार अशा चर्चांत क्वचितच होतो.

तेलाचा हिशेब मी रोजच्या चमच्यांनी न करता महिन्याच्या किराण्याने करते. बैठे काम करणाऱ्या प्रौढ माणसाला तेल-तूप मिळून दिवसाला साधारण २० ते २५ ग्रॅम पुरते, असे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशींत आहे. चार मोठी माणसे असलेल्या घरात हे महिन्याला जेमतेम तीन किलोपर्यंत जाते, त्यातही तूप आले. आमच्या इमारतीत पाच लिटरचा डबा महिना संपायच्या आत संपवणारी आणि वर तुपाची बरणी वेगळी असलेली घरे कितीतरी आहेत, आणि त्यांतली माणसे सकाळी नेमाने फिरायलाही जातात. मी पाच तारखेला महिन्याचे तेल एका वेगळ्या बरणीत काढून ठेवते. बरणी निम्मी झाली की हात आपोआप आखडता येतो. फोडणी एका पळीऐवजी दोन छोट्या चमच्यांत होते, फक्त तेल चांगले तापू द्यावे लागते आणि कांदा परतताना चिकटू लागला की पाण्याचा हबका मारावा लागतो. चवीत फरक पडत नाही, हे घरच्यांनी सांगितले नाही तरी ताटे स्वच्छ होतात त्यावरून कळते.

दुसरी गोष्ट उरलेल्या अन्नाची. मुलाच्या ताटातली अर्धी पोळी, पातेल्यात राहिलेला दोन घास भात, डब्यातून परत आलेली भाजी, हे सगळे वाया जाऊ नये म्हणून शेवटी जेवणारीच्या पोटात जाते. ती स्वतःचे ताट कितीही मोजून वाढो, तिचे वजन हलत नाही आणि दोष मात्र तिच्या चिकाटीला दिला जातो. यावर उपाय म्हणजे सर्वांनी एकत्र जेवायला बसणे आणि उरलेले जेवण संपताक्षणी डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवणे.

आता माझा प्रश्न. रानमेवाताई, तुम्ही प्रथिने पुरली पाहिजेत असे म्हणता, पण आमच्याकडे अंडेही चालत नाही. रोजच्या वरण-भात, भाजी-पोळीत ती पुरतात की नाही?

रानमेवा

ताई, तुम्ही लिहिलेली बरणीची युक्ती मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगणार आहे.

रोजच्या जेवणात ती बहुधा पुरत नाहीत. निरोगी प्रौढासाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे, पण वजन कमी करताना स्नायू राखायचे तर १.२ ग्रॅमच्या आसपास जावे लागते. ६५ किलो वजनाच्या स्त्रीला म्हणजे सुमारे ७८ ग्रॅम. आपल्या घरी आमटीची वाटी भरलेली दिसते, पण पातळ आमटीच्या वाटीत कोरडी डाळ १५ ते २० ग्रॅमच असते आणि त्यातून मिळतात ३ ते ४ ग्रॅम प्रथिने. ‘मी रोज डाळ खाते’ असे सांगणारीच्या आहारात प्रथिने निम्मीही नसतात, त्याचे हे कारण आहे.

अंड्यांविना दिवस असा बसवता येतो. घट्ट वरण किंवा डाळ मिळून दिवसभरात ५० ग्रॅम कोरडी डाळ घ्या, म्हणजे ११ ग्रॅम. मोड आलेल्या मटकीची किंवा चवळीची उसळ, कोरडे कडधान्य ४० ग्रॅम, म्हणजे ९. ज्वारी-बाजरीच्या भाकरी किंवा पोळ्या मिळून १५० ग्रॅम पीठ, म्हणजे १५. एक पेला दूध आणि वाटीभर घट्ट दही मिळून १३ ते १४. पनीर ५० ग्रॅम, म्हणजे ९. भाजलेले शेंगदाणे २० ग्रॅम, म्हणजे ५. इथवर ६० च्या थोडे पुढे आलो. उरलेली बरीचशी तूट सोयाबीनच्या वड्यांनी भरते, कारण २५ ग्रॅम कोरड्या वड्यांत १२ ते १३ ग्रॅम प्रथिने असतात आणि त्या भाजीत किंवा खिम्यासारख्या करून भाकरीबरोबर चांगल्या लागतात. तेल आणि भाज्या धरून हा सगळा आहार १,६०० कॅलरींच्या आसपास राहतो, आणि मध्यम बांध्याच्या बाईला उपाशी न राहता वजन उतरवायला तो पुरेसा आहे. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर मात्र प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

उपवासाविषयी एक शब्द. सोमवारी, गुरुवारी आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन वजन कमी होईल या समजुतीला आधार नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यावर शेंगदाण्याचे कूट आणि तूप आले की तो दिवस रोजच्या दिवसापेक्षा जड होतो. उपवास श्रद्धेने करायचा असेल तर दही, ताक, फळे, राजगिरा आणि वरीचे तांदूळ बेताने घ्यावेत.

जुनीवाट

मला येथे थोडा मतभेद नोंदवायचा आहे. माझे वय सत्तरीपुढे आहे आणि बालपण मिरजेजवळच्या खेड्यात गेले. आमच्या घरी कोणी ग्रॅम मोजले नाहीत. तूप होते, गूळ होता, भाकरी मोजण्याची पद्धत नव्हती आणि तरीही पोट सुटलेला माणूस गावात एखादाच. कारण उघड आहे, माणसे राबत होती. बायका पहाटे जात्यावर बसत, विहिरीवरून पाणी आणत. पुरुष दिवसभर शेतात. तेव्हा खाण्यात खोड्या काढण्यापेक्षा अंगमेहनत परत आणावी, वजनाचा प्रश्न आपसूक सुटेल, असे मला वाटते.

रानमेवा

काका, अंगमेहनत परत यावी याबद्दल दुमत नाही. पण केवळ तिच्यामुळे माणसे सडपातळ राहत, या निष्कर्षाला एक महत्त्वाचा पुरावा छेद देतो. हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातील हाड्झा या शिकार आणि कंदमुळे गोळा करून जगणाऱ्या लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च प्रत्यक्ष मोजला आणि २०१२ साली प्रसिद्ध केला. ते लोक रोज मैलोन्‌मैल चालतात, खणतात, ओझी वाहतात. तरीही शरीराच्या आकारमानाचा फरक वजा केल्यावर त्यांचा एकूण दैनंदिन खर्च अमेरिकेतल्या बैठ्या लोकांइतकाच निघाला. शरीर एकीकडे जास्त खर्च होऊ लागला की दुसरीकडे हात आखडते, असे त्यावरून पाँट्झर यांनी मांडले. आपल्या खेड्यातही माणसे राबत होती हे खरे, पण तेल सणासुदीलाच हात सैल सोडून वापरले जाई, साखर जपून ठेवली जाई, दुकानात पाकिटबंद खाणे नव्हते आणि उन्हाळ्याच्या शेवटी कणगीत धान्य किती उरले हे पाहून भाकऱ्या थापल्या जात. ताटावर ती मर्यादा परिस्थितीने घातलेली होती. आज ती आपल्याला समजून-उमजून घालावी लागते.

पाकिटबंद खाण्याविषयी बोलायचे तर अमेरिकेतील केव्हिन हॉल यांचा २०१९ चा प्रयोग फार बोलका आहे. २० जणांना दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले पदार्थ आणि दोन आठवडे साधे अन्न दिले गेले. समोर ठेवलेल्या दोन्ही ताटांत साखर, स्निग्धांश, तंतू आणि प्रथिने सारखी ठेवली होती आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. प्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना लोकांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. इतकी तफावत रोज घाम गाळून भरून काढणे नोकरदार माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

थंडगाव

मी टोरांटोजवळ राहते. येथे हिवाळ्यात बाहेर चालणे महिनोन्‌महिने बंद होते, त्यामुळे सारी भिस्त ट्रेडमिलवर आणि हातातल्या घड्याळावर. आमच्या मराठी मैत्रिणींच्या गटात घड्याळाने ४०० कॅलरी खर्च झाल्याचे दाखवले की तितके खाण्याची सवलत मिळाली असे समजण्याचा प्रघात आहे. यावर किती विसंबावे? शिवाय माझे वजन गेले काही आठवडे तसूभरही हललेले नाही. खाणे कमी आहे, व्यायाम वाढवला आहे. अजून खाणे कमी करावे का?

तालीम

घड्याळाचे नाडीचे ठोके बऱ्यापैकी बरोबर असतात, कॅलरी नव्हेत. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ साली मनगटावरची सात उपकरणे तपासली, तेव्हा ऊर्जाखर्चाच्या बाबतीत सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. घड्याळाचा उपयोग आपण कालपेक्षा आज किती चाललो हे पाहण्यापुरता करावा. व्यायामाच्या बदल्यात खाण्याची सवलत घेऊ नये, एवढा एक नियम पाळला तरी बऱ्याच जणींचे अडलेले वजन हलू लागते.

रानमेवा

अडलेल्या वजनाकडे घाबरून पाहू नका, त्याची कारणे ठरावीक असतात. पहिल्या आठवड्यात जे भराभर उतरते ते बरेचसे पाणी असते, कारण शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा कमी होताना प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी बाहेर पडते. याउलट नवीन व्यायाम सुरू केला की दुखावलेले स्नायू पाणी धरून ठेवतात, त्यामुळे चरबी घटत असूनही काटा काही आठवडे हलत नाही. स्त्रियांमध्ये पाळीच्या आधीच्या आठवड्यात पाणी साठते. म्हणून मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी तुलना करावी. या काळात काट्यापेक्षा शिवणकामाची टेप जास्त खरे सांगते. सकाळी पोट रिकामे असताना, श्वास सोडून, बरगडीचे खालचे टोक आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप लावावी. दोन आठवड्यांतून एकदा पुरे.

घेरही महिनाभर हललेला नसेल, तर तूट खरोखरच बुजली आहे असे समजावे. शरीर लहान झाले की त्याचा खर्चही घटतो, शिवाय कमी खाणारा माणूस नकळत हालचाल कमी करतो, जास्त वेळ बसतो, उठायचे टाळतो. व्यायामाचा एक तास सोडून उरलेल्या दिवसातल्या या हालचालीत माणसामाणसांत केवढा फरक असतो, हे मेयो क्लिनिकच्या जेम्स लेव्हिन यांनी १९९९ साली दाखवले. १६ जणांना आठ आठवडे रोज १,००० कॅलरी जादा खाऊ घातल्या, तेव्हा ज्यांची दिवसभरातली किरकोळ हालचाल वाढली त्यांच्या अंगावर चरबी फारच थोडी चढली. म्हणून खाणे आणखी कापण्याआधी ट्रेडमिलनंतरचे तास कसे जातात, हे पाहावे.

अजून खाणे कमी करू नका, असे मी स्पष्ट सांगते. १,००० कॅलरींच्या आसपास खाऊन रोज तास-दीड तास व्यायाम करणाऱ्या मुली माझ्याकडे येतात, त्या वजनाच्या तक्रारीने नव्हे तर पाळी चुकल्याच्या किंवा मूठमूठ केस गळण्याच्या तक्रारीने. केस तर खाणे तोडल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी गळू लागतात, त्यामुळे कारण लक्षात येत नाही. टीव्हीवर स्पर्धा लावून झपाट्याने वजन उतरवलेल्या १४ अमेरिकनांची सहा वर्षांनंतर तपासणी झाली, तेव्हा बहुतेकांचे बरेचसे वजन परत आले होते आणि विश्रांतीच्या अवस्थेतला त्यांचा ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा सुमारे ५०० कॅलरींनी कमीच राहिला होता. आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक किलो, याहून घाई नको.

व्यायामाची खरी कसोटी वजन उतरल्यानंतर लागते. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंदवही ठेवली जाते, ज्यांनी किमान १३.६ किलो वजन घटवून वर्षभर तरी टिकवले आहे. तिच्यात १०,००० हून अधिक लोक आहेत. ही मंडळी स्वेच्छेने नाव नोंदवणारी, त्यामुळे त्यांच्यावरून सर्वांविषयी अनुमान काढता येत नाही. तरीही त्यांच्यातले बहुतेक जण रोज सरासरी तासभर हालचाल करतात आणि वजनावर नियमित लक्ष ठेवतात, हे दुर्लक्षिण्यासारखे नाही.

लोकलवारी

फार उपयुक्त माहिती मिळाली. एक शेवटची शंका विचारतो. आमच्या वडिलांनाही वजन कमी करायचे आहे. त्यांना मधुमेह आहे आणि गोळ्या चालू आहेत. मी जे सुरू करीन तेच त्यांनीही केले तर चालेल का? आणि इतके करूनही वजन फारसे उतरले नाही तर?

रानमेवा

वडिलांनी सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटलेच पाहिजे. ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना खाणे कमी केले आणि चालणे वाढवले, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. औषधाची मात्रा बहुधा कमी करावी लागते आणि ती डॉक्टरांनीच करायची. चालायला जाताना खिशात साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोजची पावडर असावी आणि हात थरथरणे, दरदरून घाम येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही लक्षणे सोबतच्या माणसालाही ठाऊक असावीत. पायाला मुंग्या येत असतील तर बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावा, रात्री तळवे तपासावेत.

तुमची साखर काठावर आहे, म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांपैकी ज्यांनी आहार सुधारला आणि रोजचे चालणे वाढवले, त्यांच्यात तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झाले, आणि त्यांचे वजन तर फारसे उतरलेही नव्हते. तेव्हा काटा हलला नाही म्हणून चालणे सोडू नका. येत्या सोमवारपासून डब्यात चणे ठेवा आणि स्थानकापर्यंत पायी जा. रविवारी आणि मधल्या एका दिवशी ‘तालीम’ यांनी सांगितलेला खुर्चीचा व्यायाम करा. तीन महिन्यांनी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या आणि घेरासह तो आकडा येथे कळवा, म्हणजे पुढे काय बदलायचे ते ठरवता येईल.